चौदा मिलिमीटरचा फरक

आमच्या घरच्या जुन्या रेडिओचं बटण फिरायचं, पण काटा हलायचा नाही. बटण कितीही गरागरा फिरवा, बोटांना कसला म्हणून विरोध जाणवत नसे आणि काचेमागचा तांबडा काटा जागचा ढिम्म. मग अण्णा यायचे. बटण तळहाताने किंचित आत दाबून, खाली ओढून धरत, एखाद्या आजाऱ्याचं मनगट हातात घ्यावं तसं ते हळूच फिरवायचे आणि काटा नाइलाज झाल्यासारखा चालू लागायचा. आम्हा भावंडांना ही अण्णांची सिद्धीच वाटे. घरोघरी असा एकेक माणूस असायचा. त्याच्या हाताशिवाय रेडिओ लागत नसे, स्टोव्ह पेटत नसे, कुलूप उघडत नसे.

हा रेडिओ अण्णांनी १९६४ साली मिरजेत घेतला, रेल्वेच्या पगारातून, हप्त्याने. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, पियानोसारख्या चार पांढऱ्या पट्ट्या आणि वरच्या कोपऱ्यात स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट गप्प बसायचा आणि मग घसा खाकरून बोलू लागायचा. दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स काढावं लागे. रेडिओ ऐकायला सरकारची परवानगी लागायची हे आज नातवंडांना सांगितलं तर आजोबा पुन्हा कादंबरी रचायला लागले असं त्यांना वाटतं.

आई २००९ साली गेली. मिरजेचं घर रिकामं केलं तेव्हा भांडीकुंडी नातेवाइकांकडे गेली आणि रेडिओ माझ्याबरोबर पुण्याला आला. तो कपाटावर बसला, त्याच्यावर आधी फुलदाणी बसली आणि मग फुलदाणीवर धूळ. गेल्या वर्षी घराला रंग काढला. रंगारी म्हणाला, ‘‘साहेब, हे टाकायचं का?’’ त्या एका प्रश्नाने पुढचं सगळं घडलं.

पहिल्यांदा मी तो एका दुकानात नेला. दुकानाचं नाव घेत नाही. तिथल्या तरुणाने मागचा पुठ्ठा काढला, आत टॉर्च मारली आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाला, ‘‘काका, पेटी एक नंबर आहे. आतलं सगळं काढून टाकू आणि ब्लूटूथ बसवून देतो. बाहेरून अँटिक, आतून मॉडर्न.’’ मी रेडिओ उचलला आणि रिक्षा केली. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आतलं सगळं काढून फक्त दर्शनी भाग ठेवण्याचा अर्थ चांगला कळतो.

मग ओळखीतून एका पेठेतले जुने रेडिओ मिस्त्री सापडले. वय ऐंशीच्या पुढे. दुकान बंद करून बरीच वर्षं झालेली, पण घराच्या पडवीत टेबल अजून मांडलेलं. हात दाखवून म्हणाले, ‘‘हे बघा, थरथरतात. मी आता सोल्डरिंग करत नाही. पण डोकं थरथरत नाही. मी सांगतो, तुम्ही हात चालवा.’’ पुढचे दोन महिने दर बुधवारी मी त्यांचा उमेदवार झालो.

पहिला धडा हात न चालवण्याचा होता. प्लग काढायचा, आणि काढल्यावरही लगेच आत बोट घालायचं नाही. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि मोठे कंडेन्सर तो नंतरही पोटात धरून ठेवतात. रेझिस्टरमधून तो आधी उतरवायचा, मीटर लावून खात्री करायची, मग पुढे. काही जुन्या एसी-डीसी सेटांत तर अख्ख्या चॅसीलाच थेट मेन्स जोडलेला असतो. तिथे बटणाचा स्क्रूसुद्धा शॉक देऊ शकतो. ‘‘रेडिओने मेलेले लोक मला माहीत आहेत,’’ मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘गाणं ऐकून नव्हे.’’ साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेट पहिल्यांदा चालू करणं, गळके कागदी कंडेन्सर बदलणं ही कामं दोन बुधवारांत उरकली. व्हॉल्व्ह पेटले, स्पीकर गुणगुणू लागला. दुखणं उरलं ते काट्याचं, आणि त्या दुखण्यासाठीच मी आलो होतो.

वाचकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात हजारदा रेडिओचं बटण फिरवलं असेल, पण फिरवल्यावर आत काय होतं हे पाहिलं नसेल. मीही पाहिलं नव्हतं. आत ‘गँग’ नावाची वस्तू असते. ॲल्युमिनियमच्या पातळ अर्धगोल पत्र्यांच्या दोन थप्प्या, एक स्थिर आणि एक फिरती, एकमेकींत शिरतात पण शिवत नाहीत. पत्त्यांचा कॅट पिसताना पत्ते पत्त्यांत घुसतात ना, तसं. पत्रे पूर्ण आत गेले की काटा सर्वांत लांब लहरींच्या टोकाला, पूर्ण बाहेर आले की दुसऱ्या टोकाला. आणि गँग एक नसते, जोडी असते, म्हणून तर तिला गँग म्हणतात. एक भाग हवेतून हवं ते स्टेशन निवडतो. दुसरा सेटच्या पोटातच एक छोटी लहर निर्माण करतो, निवडलेल्या स्टेशनपेक्षा ठरावीक अंतर राखून चालणारी. पुष्कळ सेटांत हे अंतर ४५५ किलोहर्ट्झ असतं. दोन्ही लहरी मिसळल्या की स्टेशन कोणतंही असो, पुढच्या यंत्रणेच्या हाती नेहमी तीच एक ठरावीक फ्रिक्वेन्सी येते. अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँगने पहिल्या महायुद्धात, १९१८ साली फ्रान्समध्ये असताना ही युक्ती काढली. पुढे जगातले बहुतेक सगळे रेडिओ त्याच तत्त्वावर चालत आले.

आता गंमत अशी की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला गँग फक्त अर्धा फेरा फिरते. त्या अर्ध्या फेऱ्यात मीडियम वेव्हची सगळी स्टेशनं बसवायची. शॉर्टवेव्हवर तर केसभर हललं तरी मॉस्कोचं पेकिंग व्हायचं. थेट गँगच्या दांड्यावर बटण बसवलं तर माणसाच्या बोटाला हे जमणार नाही. म्हणून गँगच्या दांड्यावर एक मोठी चकती बसवतात, ढोलासारखी. बटणाचा दांडा मात्र पेन्सिलीएवढा बारीक. आणि दोघांच्या मध्ये दोरी. बटणाचे कितीतरी फेरे झाले की ढोल अर्धा फेरा फिरतो. तीच दोरी कप्प्यांवरून काचेमागे आडवी धावते आणि तिच्यावर चिमट्याने काटा बसवलेला असतो. म्हणजे काटा हा कशालाही जोडलेला नसतो. तो फक्त दोरीवर बसलेला प्रवासी असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बटणाच्या गुळगुळीत दांड्यावर दोरी बांधलेली नसते. तिला अडीच-तीन वेढे दिलेले असतात, बस्स. उधळलेल्या बैलाचं दावं खुंटाला तीन वेढे मारून धरलं की एकटा माणूस बैल थोपवतो. इथे तेच. ढोलाच्या आत एक लहान स्प्रिंग असते, ती दोरी ताणून धरते आणि त्या ताणावर वेढे दांड्याला पकडून राहतात. ताण गेला की दांडा वेढ्यांच्या आत नुसताच फिरतो. आमच्या बटणाचं नेमकं हेच झालं होतं.

मी लगेच म्हणालो, ‘‘म्हणजे दोरी सैल झाली. नवी घालू.’’

मिस्त्री म्हणाले, ‘‘ढोल हाताने फिरवून बघा.’’

ढोल हलेना. जोर लावला तेव्हा एखादं जुनं दार उघडावं तसा कुरकुरत हलला. गँगच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये साठ वर्षांपूर्वीचं ग्रीस होतं आणि त्याची लाख झाली होती. दोरी बिचारी घसरत होती, कारण तिला न ओढता येणारं ओझं तिच्या गळ्यात होतं. ‘‘शंभरातल्या साठ केसेसमध्ये दोरीचा दोष नसतो,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘लोक दोरीला राळ चोळतात, स्प्रिंग ओढून आखूड करतात. चार महिने चालतं. मग दोरी तुटते आणि सगळे दोरीला शिव्या घालतात.’’ मला आमच्या शाखेतले कितीतरी कॅशियर आठवले.

तेव्हा काम ठरलं ते असं. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस विरघळवत राहायचं. ढोल थोडा इकडे, थोडा तिकडे. एक अख्खा बुधवार यातच गेला. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावर घेऊन, पुढच्या बेअरिंगला आणि एक मागच्या. बटणाच्या दांड्याच्या बुशला एक, प्रत्येक कप्पीच्या खिळ्याला एक. दोरीला आणि पत्र्यांना तेलाचा स्पर्श नाही. पत्र्यांमधली धूळ मऊ ब्रशने. बोट लावायचं नाही, एक पत्रा जरी वाकला तरी काटा त्या जागी गेला की खरखर. संध्याकाळी ढोलाला करंगळीने टिचकी मारली आणि तो सावकाश, एका लयीत, अर्धा फेरा फिरून थांबला. माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा एवढा आनंद झाला होता का, हे आठवून पाहावं लागेल.

मग आली काच. ‘‘बाहेरून कशीही पुसा. आतल्या बाजूला फक्त कोरडा ब्रश,’’ अशी ताकीद होती, कारण आकडे आणि गावांची नावं काचेच्या आतल्या अंगाला रंगाने छापलेली असतात आणि तो रंग काचेला जेमतेम धरून असतो. माणसाला ताकीद दिली की त्याचं जे होतं ते माझं झालं. एक डाग दिसला, मी ओलसर कापूस लावला, आणि ‘४१’ मधला ४ कापसावर उतरला. एक्केचाळीस मीटर. म्हणजे सिलोन! ज्या आकड्याभोवती आमच्या आळीतली अर्धी तरुण पिढी बुधवारी रात्री घिरट्या घालायची, तोच मी पुसला. मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आणि काच अशी हातात असतानाच मी ती पट्टी पहिल्यांदा नीट पाहिली.

काचेच्या खालच्या कडेला, बाहेरून, करंगळीच्या अर्ध्या रुंदीची एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. ती मला लहानपणापासून माहीत होती. पिवळी पडलेली, वर निळ्या-काळ्या शाईने छापील वळणाची बारीक अक्षरं आणि प्रत्येक अक्षराखाली एक उभी रेघ : ‘मुं.’, ‘पुणे’, ‘सांगली’, ‘वि.भा.’, ‘सिलोन’. अण्णांनी आईसाठी लिहिली असणार अशी माझी समजूत होती, कारण काचेवरची गावं इंग्रजीत होती आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. आता मोकळ्या काचेवर पाहिलं तर रेघा आणि छापील आकडे जुळेनात. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, लहर साधारण २४० मीटर. पट्टीवरची सांगलीची रेघ छापील २४० च्या उजवीकडे. पुण्याचं ३८० च्या आसपास, तेही उजवीकडे. मी फूटपट्टी घेतली. चौदा मिलिमीटर. दुसऱ्याचं मोजलं, चौदा. तिसऱ्याचंही चौदा.

बँकेत रात्री नऊ वाजता ताळा जुळत नसला की जुने लोक फरकाकडे बघून निदान करायचे. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुणीतरी दोन आकड्यांची अदलाबदल केली आहे, ६३ चे ३६ लिहिले आहेत. फरकाला दोनने भाग जात असेल तर एखादी नोंद उलट्या बाजूला गेली आहे. आणि पानापानावर एकच फरक येत असेल तर चुका अनेक नाहीत; चूक एकच आहे, पहिल्या पानावर, आणि ती पुढे ओढली गेली आहे.

फेरआखणी झाली होती का, हेही तपासलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये मीडियम वेव्हवरची स्टेशनं नव्या आंतरराष्ट्रीय कोष्टकाप्रमाणे दहाच्याऐवजी नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. पण या दोन केंद्रांच्या बाबतीत तो बदल काट्याच्या जाडीत मावेल एवढाच. चौदा मिलिमीटर त्यातून निघत नाहीत. पट्टी लिहिणाऱ्याने काटा जिथे दिसला तिथे इमानाने रेघ मारली होती. काटाच दोरीवर चौदा मिलिमीटर उजवीकडे सरकलेला होता. प्रवासी आपली जागा सोडून बसला होता.

तो कुणी सरकवला हे मला त्या क्षणी कळलं. कारण तो मी सरकवला होता.

२४ ऑगस्ट १९७१, मंगळवार, गणेश चतुर्थी. लंडनला ओव्हलवर कसोटीचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. आपल्याला जिंकायला १७३ हव्या होत्या. तोवर आपण इंग्लंडमध्ये एकही कसोटी जिंकलेली नव्हती. चतुर्थी म्हणून आपल्या लोकांनी ओव्हलवर बेला नावाची हत्तीण आणली होती, हे आम्हाला पुढे कळलं. मिरजेत शॉर्टवेव्हवर बीबीसीची कॉमेंट्री लाटेसारखी येत होती, जात होती. दिवेलागणीला वाड्यातल्या सगळ्यांच्या आरत्या ओळीने सुरू झाल्या आणि अण्णा, आई, दादा शेजारी गेले. मी अकरा वर्षांचा. झांजा वाजवता वाजवता निसटलो आणि घरी आलो. कॉमेंट्री गेलेली, नुसती खरखर. बटण फिरवलं तर काटा हलेना. अण्णांची सिद्धी माझ्याकडे नव्हती. मी मागच्या पुठ्ठ्याचा स्क्रू सोडवला आणि आईची स्वेटर विणायची सुई आत घालून काटा ढकलला. सेट चालू असताना, लोखंडी सुई घेऊन! आज मिस्त्रींसमोर हे कबूल करायची माझी हिंमत झाली नाही. काटा सरकला. खरखर मात्र तशीच राहिली, तसूभरही बदलली नाही. काटा हलला पण स्टेशन हललं नाही, याचा अर्थ समजायला मला चोपन्न वर्षं लागली.

पावलं वाजली. मी पुठ्ठा लावला. स्क्रू सापडला नाही. अण्णा आले, त्यांनी तळहाताने बटण दाबून कानाने कॉमेंट्री शोधली, काट्याकडे पाहिलंही नाही. थोड्याच वेळात आबिद अलीने चौकार मारला आणि वाड्यात जो कल्लोळ झाला त्यात सगळं वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आईला केर काढताना स्क्रू सापडला. अण्णांनी तो पाहिला, काटा पाहिला आणि दादाकडे पाहिलं. दादा अठरा वर्षांचा. टेस्टर आणि पेचकस खिशात घेऊन फिरणारा, आळीतल्या दोघा-तिघांचे सेट दुरुस्त करून दिलेला. रेडिओ मेकॅनिकच्या कोर्सचा फॉर्म त्याने आणून ठेवला होता. अण्णा आवाज चढवत नसत. ‘‘उद्यापासून रेडिओला हात लावायचा नाही,’’ एवढंच म्हणाले. दादा काही बोलला नाही. मीही नाही. फॉर्म टेबलाच्या खणात राहिला, दादा कॉमर्सला गेला आणि पुढे इचलकरंजीला सूतगिरणीत स्टोअरकीपर म्हणून चिकटला. हे सगळं त्या स्क्रूमुळे झालं असं मी म्हणत नाही. घरची परिस्थिती होती, अण्णांची निवृत्ती जवळ आली होती. कादंबरीत मात्र मी स्क्रूमुळेच झालं असं लिहिलं असतं.

दादा आता बहात्तरचा आहे. कानाच्या तपासणीसाठी तो दर सहा महिन्यांनी पुण्याला येतो. या खेपेला आला तेव्हा उघडा सेट माझ्या जेवणाच्या टेबलावर होता. तो खुर्ची ओढून समोर बसला. बराच वेळ नुसता बघत होता.

मी म्हणालो, ‘‘दादा, हा काटा मी सरकवला होता.’’

‘‘कधी?’’

‘‘एकाहत्तर साली. गणपतीत.’’

‘‘आबिद अलीने चौका मारला त्या दिवशी?’’

‘‘त्याच्या थोडं आधी.’’

‘‘आणि स्क्रू?’’

‘‘तोही मीच.’’

दादाने कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. ही त्याची सवयच आहे, त्यात काही शोधू नये. आत स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग तो म्हणाला, ‘‘किती सरकलाय?’’

‘‘चौदा मिलिमीटर.’’

‘‘तेरा. मी तेरा मोजले होते.’’

मला कळेना. तो म्हणाला, ‘‘ही पट्टी माझी आहे. अण्णांची नव्हे. अण्णांना सांगली सापडेना, रोज चिडायचे. मग मी एक दिवस ते ड्यूटीवर असताना लिहिली.’’

‘‘अरे, मग काटाच का नाही मागे घेतलास? दोन मिनिटांचं काम होतं तुला.’’

‘‘रेडिओला हात लावायचा नाही म्हणाले होते ना! काचेला बाहेरून कागद चिकटवला. काच म्हणजे काही रेडिओ नव्हे, असं मी ठरवलं.’’

एवढंच. पुढे तो दोरीबद्दल बोलू लागला.

दोरी मी मासेमारीच्या नायलॉनची आणली होती, कारण डायलची खरी दोरी आता सहजी मिळत नाही. दादाने ती चिमटीत धरली आणि बाजूला ठेवली. ‘‘ही घसरणार, आणि उन्हाळ्यात लांबणार. पिळाची सुती दोरीही नको. ताण आला की पीळ सुटतो आणि दोरी अंगाभोवती फिरते, काटा तिरका होतो. विणलेली पाहिजे, गोफासारखी.’’ सूतगिरणीतली तीस वर्षं बोलत होती. आठवड्याने त्याने इचलकरंजीहून कुरियरने बारीक विणलेली दोरी पाठवली आणि पाठोपाठ एसटीने स्वतःच आला.

दोरी ओवणं वाचायला सोपं वाटतं. जुनी काढण्याआधी मी तिचा मार्ग कागदावर काढून ठेवला होता, मोबाईलवर फोटोही होते. तरी चार वेळा फसलो. गँगचे पत्रे पूर्ण आत घालून ढोल चिकटपट्टीने जागेवर बांधायचा, नाहीतर तो फिरतो. दोरीचं एक टोक स्प्रिंगला, मग ढोलाच्या खाचेतून बाहेर, पहिली कप्पी, काचेमागून आडवी, दुसरी कप्पी, खाली बटणाच्या दांड्याला तीन वेढे (एकावर एक चढू न देता, शेजारी शेजारी), आणि परत ढोलावर. शेवटची गाठ मारताना स्प्रिंग अर्धी ताणलेली हवी. पूर्ण ताणली तर दोरी जडावते, सैल राहिली तर तीच जुनी कथा. पहिल्यांदा गाठ मारताना दोरी कप्पीवरून उडाली. दुसऱ्यांदा वेढे उलटे पडले आणि बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे निघाला. तिसऱ्यांदा बायकोने चहाला हाक मारली. चौथ्यांदा दादाने कप्पीवर दातकोरणी दाबून धरली आणि मी गाठ मारली. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब.

मिस्त्रींनी आपला सिग्नल जनरेटर दिला होता. मीटर आणि किलोहर्ट्झ यांचा गुणाकार नेहमी तीन लाख येतो, प्रकाशाचा वेग तोच म्हणून. तेव्हा १००० किलोहर्ट्झ लावले की काटा बरोबर ३०० मीटरवर हवा. हिरवा डोळा मिटला. काटा जवळच्या एका रेघेवर उभा होता.

‘‘सरकव,’’ मी दादाला म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काट्याचा चिमटा नखाने सैल केला आणि काटा ३०० वर आणला. चिमटा दाबला. नेलपॉलिशचा आणखी एक थेंब.

पट्टीवरून आमचं थोडं वाजलं. दादा म्हणाला, ‘‘आता ती चुकीची झाली. काढ.’’ मी काढू देईना. शेवटी बँकेचा नियम काढला : चुकीची नोंद खरवडायची नसते, तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला दुरुस्त करणाऱ्याने सही करायची. दादाने चष्मा बदलला, पट्टी ओलांडून बारीक रेघ ओढली आणि कोपऱ्यात सही केली, तारखेसकट.

रात्री सेट लावला तेव्हा पहिल्यांदा काहीच ऐकू येईना, नुसती भणभण. घरातले एलईडी दिवे, चार्जर, वायफाय, सगळेच रेडिओच्या कानात ओरडत असतात. मी उठून एकेक बंद करत गेलो. शेवटी फक्त काचेमागचा छोटा दिवा उरला आणि त्याच्या पिवळ्या उजेडात दादाचा हात. तो एका बोटाने बटण फिरवत होता आणि काटा चालत होता. पुसलेल्या ४ च्या जागी १ एकटाच उभा होता. तिथे सिलोन नव्हतं, कुठलं तरी चिनी स्टेशन लागलं, कुणी बाई गात होत्या. दादाने कानातलं यंत्र नीट केलं आणि काटा केसभर डावीकडे घेतला.